दार न उघडण्याचा अधिकार

आलेल्या पत्राला उत्तर न देणे हा आपल्याकडे असभ्यपणा समजला जातो. माझ्या लहानपणी दिवाळी चार दिवसांवर आली की घरातली वडीलधारी माणसे तारेला लावलेली पत्रे खाली उतरवीत आणि ज्याचे ज्याचे उत्तर राहून गेले असेल त्याला ‘पत्रास विलंब झाला, क्षमा असावी’ असे लिहून मोकळी होत. सावकाराचे देणे एखाद्या वर्षी राहिले तरी चालेल, पण मामाच्या पत्राचे उत्तर राहता कामा नये, असा घराचा दंडक होता. ह्या दंडकात एक गोड माणुसकी आहे हे मी नाकारीत नाही. मात्र पत्र ही दोघांना हवीशी वाटणारी वस्तू आहे, असे त्यात न बोलता धरून चाललेले होते. जे पत्र मला नको आहे, ज्याचा लिहिणारा मला नको आहे, त्याच्या उत्तराचे ऋण माझ्यावर चढते काय? आणि मी ते फेडले नाही म्हणून तो दुसरे, तिसरे, चारशेवे पत्र पाठवू लागला, तर सभ्यपणा कुणी सोडला असे म्हणावयाचे?

हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही, धंद्यात भेटला. धाराशिवच्या न्यायालयात मी पस्तीस वर्षे वकिली केली. जिल्ह्याचे नाव 2023 साली उस्मानाबादचे धाराशिव झाले. भांडणे मात्र होती तीच राहिली. बांध, वहिवाट, विहिरीची पाळी, भावाभावांतली वाटणी. ‘मनाई हुकूम’ हा शब्द आमच्याकडच्या कुणब्याला जितका पाठ आहे तितका शहरातल्या पदवीधराला नसेल. शेजाऱ्याने बांधावर नांगर घातला की दुसऱ्या दिवशी तो वकिलाच्या ओट्यावर हजर. अशा माणसांत उभा जन्म काढलेल्या मला गेल्या वर्षी पावसाळ्यात जे प्रकरण आले, त्याने पुष्कळ विचार करायला लावले.

कळंबकडचे एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. (माणसांच्या खुणा मी मुद्दाम बदलून सांगतो आहे.) मुलीची सोयरीक ठरली होती, सुपारी फुटली होती, पुढे ती मोडली. का मोडली हे मी विचारले नाही. सोयरीक मोडण्याची कारणे वकिलाने विचारू नयेत, ती घरोघर तीन-तीन निघतात. मुलगा नोकरीसाठी आखातात गेला आणि तेथून त्याचे निरोप सुरू झाले. ‘जेवलीस का?’ ‘आज इथे फार ऊन आहे.’ ‘एकदा बोल, मग पुन्हा त्रास देणार नाही.’ मुलीने त्याचा नंबर बंद केला, तर दुसऱ्या नंबरावरून. तो बंद केला, तर फेसबुकवरून. ते बंद केले, तर मामेबहिणीच्या फोनवर. अकरा महिन्यांत चारशेच्या वर निरोप आले होते. वडिलांनी वहीत मोजून आणले होते.

“वकीलसाहेब,” वडील म्हणाले, “शिवी न्हाई, घाण बोलणं न्हाई. ठाण्यात जाऊन सांगावं काय? पोरगं जेवलीस का म्हणून इचारतंय, गुन्हा नोंदवा, असं म्हणावं का?”

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “काका, मी रात्री फोन उलटा ठेवून झोपते. पण उलटा ठेवला तरी तो दिसतोच.”

घरात ह्या बाबतीत तीन मते होती आणि तिन्ही मला त्या बैठकीत ऐकायला मिळाली. आत्याबाईंचे मत असे, की बोलतो तर चांगलेच, मग एकदा उत्तर द्यायला काय हरकत आहे? चुलते म्हणत, तो तिकडे सातासमुद्रापार, हिला काय करणार आहे? थोरल्या भावाचे म्हणणे सर्वांत सोपे होते: हिचा फोनच काढून घ्या.

आत्याबाईंचे म्हणणे वरवर भोळे असले तरी त्यात खरा तत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे. बोलण्यात वाईट काही नसेल, तर नुसत्या बोलण्याने अपराध होतो काय? ह्याचे उत्तर मला बांधाने दिले. माझ्या शेतातून रोज एक माणूस जातो. तो कणीस मोडत नाही, पाटाचे पाणी फोडत नाही, उलट जाताना राम राम घालतो. मी त्याला एकदा सांगितले, ‘बाबा रे, इकडून येऊ नकोस.’ त्यानंतरही तो राम राम घालीत त्याच वाटेने जात राहिला, तर त्याच्या रामरामाने ती वाट त्याची होते काय? उलट, माझ्या नकारानंतरचा तो राम राम अधिकच टोचतो. कारण त्यात ‘तुझा नकार मी ऐकला आणि बाजूला ठेवला’ एवढाच मजकूर उरलेला असतो. ‘जेवलीस का’ ह्या निरोपाचा अर्थही पहिल्या वेळी एक होता आणि चारशेव्या वेळी अगदी निराळा होता.

आपला जुना दंडविधानाचा कायदा 1860 सालचा. तो शब्दांकडे पाहात असे: शब्द अश्लील आहे का, धमकीचा आहे का, स्त्रीच्या विनयाला धक्का देणारा आहे का. शब्द निर्दोष असला की कायद्याचा हात तेथे थांबे. डिसेंबर 2012 मधल्या दिल्लीच्या भीषण घटनेनंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समिती बसली आणि 2013 साली कायद्यात ‘पाठलाग’ हा नवा अपराध आला. एखाद्या स्त्रीने आपली अनिच्छा स्पष्ट दाखविल्यानंतरही जो पुरुष जवळीक वाढविण्यासाठी पुनःपुन्हा संपर्क साधतो किंवा साधू पाहतो, तो गुन्हेगार. ती इंटरनेट किंवा ई-मेल कशी वापरते ह्यावर नजर ठेवणाराही तसाच. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 78 हेच सांगते. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. मला ह्या कलमात विलक्षण वाटते ते हे, की येथे कृत्याला अपराध बनविणारी गोष्ट त्या स्त्रीचा नकार आहे. काल जो निरोप निरागस होता तोच आज, तिने ‘नको’ म्हटल्यावर, गुन्हा होतो. एका खेड्यातल्या मुलीच्या एका शब्दाला कायद्याने इतके वजन ह्यापूर्वी क्वचितच दिले असेल.

अर्थात, ह्यात एक अडचण आहे, आणि ती मी त्या मुलीपासून लपविली नाही. नकार ‘स्पष्ट’ हवा. तिने आजवर फक्त मौन पाळले होते. आपल्याकडे मौनाचा अर्थ लावण्याची फार जुनी हौस आहे आणि तो बहुधा संमतीकडे लावला जातो. म्हणून मी तिला म्हटले, तू एकदा, एकदाच, लिहून सांग. तिने माझ्या समोर बसून लिहिले: ‘कृपया माझ्याशी कोणत्याही मार्गाने संपर्क करू नये.’ मग थोडा विचार करून ‘कृपया’ हा शब्द खोडला आणि निरोप पाठविला. सभ्यतेचे आपल्यावर केवढे ओझे असते हे मला त्या एका खोडलेल्या शब्दावरून कळले.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर विचार एकांगी होईल. ज्याचे बोलणे मला नको त्याला कायद्याने गप्प करावे, हे तत्त्व हाती आले की त्याचे काय होते ते महाराष्ट्राने पाहिले आहे. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका मुलीने त्याविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या पसंत केल्या, आणि दोघींना अटक झाली. लावले गेलेले कलम माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66 अ. त्यात संगणकावरून कुणाला ‘त्रास’ किंवा ‘गैरसोय’ होईल असे काही धाडणे हाही अपराध ठरविला होता. सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी ते कलम समूळ रद्द केले आणि ते फार बरे झाले. मग मी एका हाताने त्या निकालाचे स्वागत करतो आणि दुसऱ्या हाताने ह्या पोराला गप्प करा म्हणतो, ह्यात विसंगती नाही का?

मला वाटते, नाही. चावडीवर उभे राहून बोलणे आणि एखाद्याच्या उशाशी येऊन बोलणे ह्यांत भेद आहे. पालघरच्या मुली चावडीवर बोलल्या. ज्याला आवडले नाही त्याने तोंड फिरवावे. चावडी सर्वांची आहे. उशापाशी मात्र बोलणाऱ्याच्या स्वातंत्र्याहून ऐकणाऱ्याच्या झोपेचा हक्क मोठा. 1890 साली अमेरिकेतल्या वॉरन आणि ब्रँडाइस ह्या दोघा कायदेपंडितांनी ‘एकटे राहू देण्याचा हक्क’ मांडला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर वर्तमानपत्रे आणि छायाचित्रे होती. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ऑगस्ट 2017 मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. एवढे मोठे तत्त्वज्ञान मी त्या आत्याबाईंना सांगत बसलो नाही. “दारावरची कडी आतून असते की बाहेरून?” एवढेच विचारले. त्या हसल्या, पण पटले असे म्हणाल्या नाहीत.

आता चुलत्यांचे सातासमुद्रापार. परदेश आमच्या जिल्ह्याला नवा नाही. आमचे तेर, गोरोबाकाकांचे तेर, म्हणजे जुने तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ नावाच्या ग्रीक दर्यावर्दी टिपणात भडोचच्या बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर असल्याची नोंद आहे. तगरचे कापड त्या बंदराकडे जाई. म्हणजे समुद्र ओलांडून वाऱ्याच्या मर्जीने भडोचला उतरलेल्या परदेशी माणसाचा निरोप तेरला यायला आणखी तीस दिवस लागत. एवढ्या काळात माणसाचा निम्मा राग आणि पाऊण प्रेम विरून जात असेल! समुद्र ही त्या काळची मोठी सोय होती. आज ती सोय उरली नाही, पण कायद्याच्या बाजूने मात्र समुद्र जसाच्या तसा आहे. निरोप क्षणात येतो, समन्स वर्षभरात पोचेल की नाही ह्याची शाश्वती नसते.

तरीही चुलत्यांना वाटते तितका कायदा पांगळा नाही. भारताचा नागरिक जगाच्या पाठीवर कोठेही असो, भारतीय न्याय संहिता त्याला लागू आहे. तो परकीय असला आणि त्याने भारतातल्या संगणकाला लक्ष्य करून गुन्हा केला, तर तीच संहिता आणि 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 75 त्याच्यापर्यंत पोचतात. देशाबाहेर घडलेल्या गुन्ह्याचा खटला चालवायला केंद्र सरकारची परवानगी लागते. तपासाला लागत नाही, आणि गुन्ह्याचा काही भाग भारतात घडला असेल तर परवानगीचीही गरज नाही असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली सांगितले आहे. मुलीच्या उशाशी फोन वाजला तो कळंब तालुक्यात. घटना कोठे घडली ह्याचे माझ्या मते दुसरे उत्तर नाही. परदेशातून पुरावा मागवायचा तर भारताने अनेक देशांशी परस्पर साहाय्याचे करार केलेले आहेत, पण ती वाट जिल्ह्यातून राज्याकडे, राज्यातून केंद्रीय गृहखात्याकडे आणि तेथून पुढे अशी लांबची आहे. अमिरातीशी गुन्हेगार सोपविण्याचा करारही 1999 साली झाला. म्हणून ‘जेवलीस का’ साठी कुणी त्याला पकडून आणील, अशी आशा मी पक्षकाराला दाखवीत नाही.

खरा धाक निराळाच असतो. माणूस कधी ना कधी दिवाळीला गावी येतो. जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या पातळीवरून विमानतळांवर ‘लुकआउट’ची सूचना लावून घेता येते. खटला फौजदारी न्यायालयात उभा राहिला की 1967 च्या कायद्याखाली पासपोर्ट अडकवून ठेवण्याचा अधिकार पासपोर्ट अधिकाऱ्यास आहे. शिवाय तो ज्या देशात आहे तेथल्या पोलिसांकडेही तक्रार करता येते. इंग्लंडात 1997 पासून छळाविरुद्ध वेगळा कायदा आहे आणि तेथले न्यायालय संपर्क न करण्याचा हुकूम देते. अमिरातीचा 2021 चा सायबर कायदा तर भलताच कडक आहे. परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर घालविण्याचीही त्यात तरतूद आहे. मुलगी त्याच्या घरात लग्न होऊन नांदली असती, तर आणखी एक चांगली वाट होती. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात ‘संरक्षण आदेश’ आहे. ती जेथे राहते तेथला न्यायदंडाधिकारी तो देऊ शकतो, समोरचा हजर नसताना तात्पुरताही देऊ शकतो, आणि त्यात टेलिफोनने किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने संपर्क करण्यास स्पष्ट मनाई घालता येते. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद. बांधावरच्या मनाईची सवय असलेल्या मला हा हुकूम फार जवळचा वाटतो. नांदलेल्या बाईला जे मिळते ते सुपारी मोडलेल्या मुलीला मिळत नाही, हे मात्र मला पटत नाही. तिने दिवाणी दावा लावून मनाई मागावी म्हटले, तर आखातातल्या माणसावर ती बजावणार कोण?

पुरुषांचे तर कलम 78 मध्ये नावच नाही. आमच्याकडे परगावी शिकणाऱ्या एखाद्या पोराला परदेशी नंबरावरून चित्रफितीची धमकी येते, तेव्हा त्याला खंडणीचे किंवा धाकदपटशाचे कलम शोधावे लागते. अशा फोनांमागचा माणूस कधीकधी स्वतःच डांबलेला असतो. म्यानमारच्या सीमेवरच्या असल्या अड्ड्यांतून मार्च 2025 मध्ये पाचशेहून अधिक भारतीय तरुणांना विमानांनी परत आणावे लागले. त्या विषयाला मात्र वेगळा लेख हवा.

पुराव्याबद्दल दोन शब्द घरच्या माणसांसाठी सांगतो. रागाच्या भरात निरोप पुसून टाकू नयेत. नंबर, तारीख, वेळ दिसेल अशा रीतीने जपून ठेवावेत. छापील प्रतीबरोबर ठराविक नमुन्याचे प्रमाणपत्र लागते. हा नियम पक्का झाला तो आमच्या मराठवाड्यातल्याच, जालन्याच्या निवडणुकीच्या एका दाव्यात, सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालाने. आता तोच नियम साक्ष अधिनियमाच्या कलम 63 मध्ये आहे. तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते, राष्ट्रीय सायबर पोर्टलवर देता येते, आणि स्त्रीला तालुक्याच्या विधी सेवा समितीकडून, तिचे उत्पन्न न पाहता, फुकट वकील मिळतो. हे ऐकून वडिलांचा चेहरा थोडा सैल झाला. त्याआधी एका ठाण्यात त्यांना ‘फोन बंद ठेवा, कंटाळून थांबेल’ असे सांगून परत पाठविले होते.

आणि हेच थोरल्या भावाचेही मत होते: फोन काढून घ्या. माझा सर्वांत मोठा विरोध आहे तो ह्या उपायाला. दुसऱ्याचे ढोर पिकात शिरले म्हणून आपले पीक उपटून टाकणारा शेतकरी मी पाहिलेला नाही. मुलगी नर्सिंगचे शिक्षण घेत होती. तिची हजेरी, तिच्या परीक्षेच्या सूचना, तिच्या मैत्रिणी सारे त्या फोनात. आखातातल्या त्या पोराला जे करायला अकरा महिने जमले नाही, ते भाऊ एका दुपारी करून मोकळा झाला असता. मी हे त्याला तोंडावर सांगितले. त्याला राग आला असावा, पण फोन तिच्याकडेच राहिला.

तक्रार दिली तेव्हा पोलिसांनी आधी चौकशी केली. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात चौदा दिवसांची अशी प्राथमिक चौकशी नव्या संहितेला मान्य आहे. एका अधिकाऱ्याने त्या पोराशी फोनवर बोलून घेतले. दोन दिवसांनी पोराचे वडील माझ्या दारात. पायांतल्या वहाणा बाहेर काढून ओट्याच्या कडेला बसले. “सायब, त्येच्या जिवावर दोन बहिणींची लग्नं हायेत. तिकडं तक्रार गेली तर परत पाठिवत्याल.” ह्या म्हाताऱ्याने कुणालाही एक निरोप पाठविलेला नव्हता, तरी शिक्षेची पहिली धग त्याच्या घराला लागणार होती. न्यायाचा हा हिशेब मला आजवर नीट मांडता आलेला नाही.

मी मुलीला विचारले. ती म्हणाली, “काका, त्याची नोकरी जावी असं मला कधीच वाटलं नाही. मला फक्त त्याचा निरोप यायला नको.” हवी होती शांतता, आणि कायद्याच्या पोतडीत होती शिक्षा. तिने तिकडच्या देशात तक्रार करायची नाही असे ठरविले; इकडची मात्र ठेवली. म्हाताऱ्याला तिने स्वतः पाणी आणून दिले आणि तक्रार मागे घेणार नाही असेही स्वतःच सांगितले. आत्याबाईंना त्यातले पहिले आवडले, दुसरे नाही.

निरोप थांबले. श्रावण गेला, गणपती गेले, तुळजापूरचे नवरात्र झाले, एकही आला नाही. दसऱ्यानंतर वडील पुन्हा आले, मुलगी बरोबर होतीच. “आता बंद झालंय, वकीलसाहेब. मग अर्ज मागं घ्यावा का? गावात उगा चर्चा व्हते.”

मी मुलीकडे पाहिले. ती म्हणाली, “राहू द्या, अण्णा. तो दिवाळीला येणार आहे.”

छापलेल्या चारशे निरोपांचा गठ्ठा लाल फडक्यात बांधून तिने माझ्याच कपाटात ठेवला. घरी न्यायला ती तयार नव्हती.